मापाची वही कुणाची?

ताई,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत २२ वर्षं ब्लाऊज शिवते. माझ्याकडं मापाच्या ९ वह्या आहेत. पानाच्या वर गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाईल नंबर, खाली मापं. दिवाळीनंतर माझ्या भाच्यानं सगळ्या वह्यांचे फोटो काढले आणि मापं एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये भरून दिली. मला सोयीचं झालं. नाव टाकलं की माप समोर.

पुढं त्याच्या ओळखीचा एक माणूस आला, वजन कमी करायची पावडर विकणारा. ज्यांची कंबर ३६च्या वर आहे तेवढ्याच बायकांचे नंबर दे, नंबरामागं २ रुपये देतो, असं तो भाच्याला म्हणाला. भाच्यानं १८० नंबर दिले. मला नंतर कळलं. आठ दिवसांत बायकांना मेसेज जायला लागले, ‘ताई, ब्लाऊज घट्ट व्हायला लागलाय का?’

एक वहिनी १५ वर्षं माझ्याकडं शिवायला टाकतात. त्या दुकानात आल्या. भांडल्या नाहीत. ‘माझा मापाचा ब्लाऊज दे’ एवढंच म्हणाल्या, पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

भाचा म्हणतो, मावशी, वही आपली, लिहिलंय आपण, ह्यात चोरी कसली? नंबर काय सगळ्यांकडंच असतात, आणि मोठ्या कंपन्या हेच करतात. मला पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. वही नक्की कुणाची? आणि आता मी करू काय? सगळ्यांना सांगत बसले तर लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाईक तुटेल. नाव छापू नका.

— एक शिवणारी

ताई,

नाव छापलेलं नाही. तुमची किंवा त्या वहिनींची ओळख पटेल अशा दोन-तीन खुणाही मी बदलल्या आहेत.

वही तुमची आहे. कागद तुम्ही विकत आणला, टेप तुम्ही धरली, आकडे तुमच्या अक्षरात आहेत. पण त्या पानावरचा ३८ हा आकडा वहिनींच्या कमरेचा आहे, आणि तो त्यांनी तुमच्याकडं एका कामापुरता ठेवायला दिला. काम ब्लाऊज शिवायचं. एखादीनं गावाला जाताना पाटल्या शेजारणीकडं ठेवायला दिल्या, तर शेजारणीचं कपाट तिचं स्वतःचंच असतं, किल्लीही तिचीच असते. म्हणून पाटल्या तिच्या होत नाहीत. भाच्याला हे असं सांगून बघा.

तुमच्या धंद्यात तर ही ठेव साध्या नाव-नंबराची नसते. शिवणाऱ्या बाईला जे कळतं ते कधीकधी घरातल्यांनाही उशिरा कळतं. ‘काकू, आत जरा जास्त माया सोडा, पुढं सैल करायला लागेल’ असं एखादी नवी सून हळू आवाजात म्हणते, तेव्हा तिला दिवस गेलेत हे सासूच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं. कुणाचं ऑपरेशन झालंय आणि एका बाजूला आतून कापूस भरून शिवायचंय. कुणाला एका वर्षात तीन वेळा उसवून आत घ्यावं लागतंय, म्हणजे घरात काहीतरी चाललंय. कुणाच्या दंडावर डाग दिसतात म्हणून ती कोपरापर्यंत बाही मागते. तुम्ही २२ वर्षं हे सगळं पाहिलं असणार, आणि मला खात्री आहे, त्यातलं एक अक्षर तुम्ही दुकानाच्या पायरीखाली जाऊ दिलं नसेल. बायका १५-१५ वर्षं एकाच शिवणारीकडं जातात त्या काही नुसत्या फिटिंगसाठी जात नाहीत.

म्हणून तर तो पावडरवाला तुमच्या दुकानात आला. त्याला नंबर हवे असते तर कुठंही मिळाले असते. त्याला हवी होती नंबराशेजारची कंबर. ती फक्त तुमच्या वहीत होती.

भाच्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. एखाद्या बाईनं स्वतःहून फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असा नंबर टाकला असेल, तर नव्या कायद्याचं संरक्षण त्या नंबराला मिळत नाही. पण वहिनींनी आपली कंबर कुठं जाहीर केली होती?

‘कोल्हापुरात कुणाचं काय लपतंय?’ हे वाक्यही तुमच्या कानावर आलं असेल. गल्लीत कुणाच्या घरी कोण आलं, कुणाचं लग्न मोडलं, कोण कर्जात आहे, हे दुपारपर्यंत सगळ्या पेठेला ठाऊक असतं, खरं आहे. पण गल्लीत आपल्याबद्दल कोण बोलतंय ते आपल्याला माहीत असतं. त्याच्या घरचंही आपल्याला माहीत असतं. फारच झालं तर दारात जाऊन विचारता येतं, आणि चार महिन्यांनी लोक विसरतात. मोबाईलमधली यादी विसरत नाही. ती कुणाकडं आहे हे कळत नाही, त्याचं दार कुठं आहे तेही कळत नाही. आज पावडरवाल्याकडं आहे, उद्या तो ती आणखी कुणाला ४ रुपयांनी देईल. वहिनींना ज्यानं हलवलं ते हेच असावं, असं मला वाटतं. मेसेज अनोळखी माणसाचा, आणि त्यातली माहिती मात्र फक्त तुम्हाला ठाऊक असलेली.

आता कायद्याचं. भाच्याला ‘पटत नाही’ एवढं सांगून भागणार नाही, म्हणून जरा नीट सांगते.

२०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. खासगीपणा हा राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यावर ९ न्यायमूर्तींचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सगळ्यांनी एकमतानं सांगितलं की तो हक्क आहे, जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मध्येच तो आहे. तिथून पुढं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती ठेवणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ पासून लागू होतात.

या कायद्यातली एक तरतूद वाचताना मला तुमच्या ९ वह्या डोळ्यांसमोर आल्या. कागदावर लिहिलेली माहिती कागदावरच राहिली, तर तिला हा कायदा लागत नाही. पण कागदावरची माहिती पुढं मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये चढवली, की त्या घटकेपासून लागतो. तुमच्या वह्या २२ वर्षं या कायद्याच्या बाहेरच्या होत्या. भाच्यानं फोटो काढले आणि अ‍ॅपमध्ये भरले, तेव्हा त्या आत आल्या. घरगुती वापराला सूट आहे, म्हणजे तुमच्या मोबाईलमधले नातेवाइकांचे नंबर त्यात येत नाहीत. दुकानाची यादी येते.

ज्याची माहिती आहे त्या माणसाला इंग्रजी मजकुरात प्रिन्सिपल म्हटलंय, आणि जो ती ठेवतो आणि तिचं काय करायचं ते ठरवतो त्याला फिड्युशिअरी. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विश्वस्त. मालक हा शब्द कायद्यानं वापरलेला नाही, आणि मला तो फार बरोबर वाटतो. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. कायद्याच्या मजकुरातच एक उदाहरण दिलंय: एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर देते. दुकानदारानं तो नंबर पोच पाठवायला वापरायचा. औषधाच्या जागी ब्लाऊज घाला आणि पोचेच्या जागी ‘तुमचं शिवून झालंय, न्यायला या’ हा मेसेज घाला. तेवढं तुम्ही करू शकता. कमरेच्या मापावरून नावं वेगळी काढून विकायची असतील, तर त्या बाईला आधी विचारायला हवं. आणि विचारलं असतं तर तिनं काय उत्तर दिलं असतं हे तुम्हाला आणि भाच्यालाही ठाऊक आहे.

माझं काय काय तुमच्याकडं आहे ते दाखवा, चुकलंय ते दुरुस्त करा, आता नको ते पुसून टाका, असं म्हणायचा हक्क त्या बाईला आहे. माहिती फुटली तर ज्याच्याकडून फुटली त्यानं ते तिला कळवायचं आहे. माहिती नीट सांभाळली नाही म्हणून होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून घाबरू नका. तो मोठ्या कंपन्यांना वचक बसावा म्हणून आहे, आणि दंड ठरवताना चूक किती मोठी, नंतर ती सावरायला काय केलं, हे बघायचं असतं.

आणि ‘मोठ्या कंपन्या हेच करतात’ म्हणणाऱ्या भाच्याला सांगा की हो, करतात, आणि हा कायदा मुळात त्यांच्यासाठीच आलाय. त्यांनी संमती मागताना माहिती मराठीतून मिळण्याची सोय द्यायची आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठलीही ग्राहकाला निवडता आली पाहिजे, आणि मराठी त्यात आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर दिलाच पाहिजे असा आग्रह धरू नका, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. याच कायद्यात सरकारनं स्वतःच्या यंत्रणांना सूट द्यायची वाट मात्र मोकळी ठेवली आहे. ते मला खुपतं, आणि त्यावर वेगळं लिहीन.

‘सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटला. कारण मी त्या वहिनींच्या जागी बसून आलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासून घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला, साखर वाढलेली. घरी लगेच सांगितलं नाही. मुलीची परीक्षा चालू होती, ती संपू दे म्हटलं. चौथ्या दिवशी मुलगी जेवायला बसली होती आणि फोन आला. माझे हात पिठाचे, म्हणून मुलीनं स्पीकर चालू केला. ‘मॅडम, तुमची शुगर वाढली आहे ना, आमच्याकडं त्यावर एक कोर्स आहे.’ मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा घास ताटात तसाच राहिला. जी गोष्ट मी माझ्या शब्दांत, माझ्या वेळेला तिला सांगणार होते, ती एका अनोळखी माणसानं ताटावर सांगून टाकली.

मी लॅबमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आम्ही कुणाला काही देत नाही. जरा वेळानं म्हणाली, रिपोर्ट पाठवायची सिस्टीम बाहेरच्यांची आहे, त्यांना विचारा. बाहेरचे कोण, ते तिलाही माहीत नव्हतं. आजवर मला ते कळलेलं नाही. मला तेव्हा नुकसानभरपाई नको होती. कुणीतरी समोर येऊन ‘आमच्याकडून गेलं, एवढं-एवढं गेलं, अमक्याला गेलं’ एवढं म्हणायला हवं होतं. कुणीच म्हटलं नाही, म्हणून मी ती लॅब सोडली. माहिती फुटली यापेक्षा कुणीच कबूल केलं नाही याचा राग जास्त होता.

म्हणून सांगा. एकशे ऐंशी जणींनाही सांगा. काही गिऱ्हाईक तुटेल, मी खोटा धीर देत नाही. पण मेसेजमधल्या ब्लाऊजवरून बऱ्याच जणी आधीच काय ते समजल्या आहेत. तुमच्या गप्प राहण्यानं त्यांना वाटणार की पैसे तुम्हीच घेतले.

आधी मात्र गळती थांबवा, आणि ती आजच. भाच्याला बसवून त्या पावडरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला लावा. फोनवर बोलू नका, बोलणं राहत नाही. असं लिहा: ‘अमुक तारखेला मी तुम्हाला दिलेले १८० नंबर त्या बायकांना न विचारता दिले होते. ती यादी वापरणं आजपासून बंद करा, तुमच्याकडची पुसून टाका, आणि पुढं कुणाला दिली असेल तर नाव कळवा. तुमचे ३६० रुपये परत पाठवले आहेत.’ आणि पैसे खरोखर परत पाठवा. त्याचं उत्तर येवो न येवो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुणी तक्रार करायची ठरवली तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी असेल.

मग ते अ‍ॅप. बरेच जण अ‍ॅप मोबाईलवरून काढून टाकतात आणि सुटलो म्हणतात. तसं होत नाही. तुमच्या मोबाईलवरून चित्र गेलं तरी त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर मापं तशीच राहतात. आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन नोंदी आणि मग खातंच डिलीट करायचं, त्यानंतर अ‍ॅप काढायचं. अ‍ॅप घेताना त्यानं मोबाईलमधली सगळी नंबरांची यादी बघायची परवानगी मागितली होती का, तेही भाच्याला विचारा. ब्लाऊजच्या मापाला तुमच्या माहेरच्यांचे नंबर कशाला लागतात?

फोटो राहिलेच. त्यानं ९ वह्यांचे फोटो त्याच्या मोबाईलवर काढले, म्हणजे ते बहुतेक त्याच्या गुगल फोटोजमध्ये आपोआप चढले असणार. तिथून डिलीट केले तरी ते ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतात, म्हणून ट्रॅशही रिकामा करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला पाठवले असतील तर तिथलेही, तुमच्या गॅलरीतलेही. हे तुमच्या समोर बसून करू दे. त्याला चोर म्हणू नका. त्याला ३६० रुपयांचा मोह झाला असेल, पण मला वाटतं त्यानं त्या यादीत बायका पाहिल्याच नाहीत, आकडे पाहिले. एकेक नाव वाचत पुसताना त्याला त्या दिसतील. त्यात त्याच्या शाळेतल्या बाई असतील, मित्राची आई असेल.

बायकांना सांगताना लांबण लावू नका. ‘माझ्याकडच्या नोंदींतून तुमचा नंबर माझ्या घरच्या माणसानं न विचारता एका विक्रेत्याला दिला. तुमची कंबर ३६च्या वर आहे एवढं त्यावरून त्याला कळलं. बाकी मापं गेली नाहीत. मी यादी पुसायला सांगितलं आहे आणि मोबाईलमधल्या सगळ्या नोंदी काढल्या आहेत. चूक माझ्या दुकानाची आहे.’ बस्स. कंबरेचं वाक्य गाळू नका, तेच लिहायला सगळ्यांत जड जाईल आणि तेच त्यांना कळायला हवं. हा मेसेज एकेकीला वेगळा पाठवा. चुकूनसुद्धा ग्रुप करू नका, नाहीतर १८० जणींची नावं एकमेकींना कळतील आणि तीच चूक पुन्हा होईल. ज्यांना त्या माणसाचे फोन किंवा साधे एसएमएस येतात त्यांना १९०९ वर तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर तिथंच रिपोर्ट करून ब्लॉक करायचं.

पुढच्या कामासाठी वहीच बरी. फक्त दोन करा. एका वहीत क्रमांक, नाव आणि मोबाईल. दुसरीत नुसता क्रमांक आणि मापं: उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, गळा. पहिली कुलपात, दुसरी मशीनजवळ. दुसरी कुणाच्या हाताला लागली तरी त्यात कुणाचंच नाव नाही. ज्या बायका तीन-चार वर्षांत फिरकल्या नाहीत त्यांची पानं ठेवून उपयोग नाही, शरीर बदललेलं असतं, आल्या तर तुम्ही नव्यानं मापं घेणारच. ती पानं रद्दीत घालू नका. घरी बंब असेल तर बंबात घाला.

आणि वहिनी. त्यांना मेसेज पाठवू नका, घरी जा. भाच्याला बरोबर नेऊ नका, त्यांना त्याच्यासमोर बोलायला अवघड होईल. जाण्याआधी वहीतलं त्यांचं पान ब्लेडनं नीट कापून घ्या. १५ वर्षांची मापं असतील त्यावर, खोडून खोडून लिहिलेली. ते पान त्यांच्या हातात द्या, आणि मापाचा ब्लाऊज परत मागू नका. पान ठेवायचं की फाडायचं ते त्या ठरवतील. परत तुमच्याकडं शिवायला टाकायचं की नाही तेही.

तिथं काय झालं ते वाटलं तर मला कळवा. ते मी छापणार नाही.